गडी पडल्यावर

विद्यार्थिमित्रहो, हुतुतूच्या खेळांत गडी मरतो आणि पुन्हां जिवंतहि होतो. प्रतिपक्षाचा एखादा गडी बाद झाला कीं आपला मेलेला गडी हंसत हंसत पटांत परत येतो. त्या मरणाचें कोणास भय नसतें व दुःखहि नसतें. परंतु कोणत्याहि मर्दानी खेळांत कधीं कधीं असा एक क्षण येतो कीं, जेव्हां गडी खरोखरीच पडतो. फुटबॉलमध्यें तर हा प्रसंग वारंवार येतो. कारण बावीस जण एकाच चेंडूच्या मागें असतात, आणि धांवणाराची दृष्टि चेंडूवर असते, शेजाऱ्यावर नसते. त्यांतून आपल्या वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यांत चिखलाची आणि उन्हाळ्यांत भेगाळलेली व दगडासारखी कठीण. पडणारास ती मायेनें झेलीत नाहीं.

अशी कल्पना करा कीं, अकोटच्या मैदानावर मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना चालला आहे. उत्तरेकडे सातपुड्याची रांग सांजवेळीं निळी दिसूं लागली आहे. दोन्ही पक्षांचा एकेक गोल झाला असून शेवटचीं दोन मिनिटें उरलीं आहेत. इतक्यांत प्रतिपक्षाचा गोलकीपर गुडघा धरून कोसळतो. चेंडू तुमच्याकडे येतो. गोल मोकळा आहे. रेफरीची शिटी वाजलेली नाहीं. सभोंवार शेंकडों कंठ ओरडत आहेत कीं, "मार! मार!" आतां तुम्ही काय कराल?

या प्रश्नाचें उत्तर घाईनें देऊं नका. अगोदर अशा प्रसंगांतून गेलेल्या कांहीं खेळाडूंच्या खऱ्या हकीगती ऐका. म्हणजे उत्तर तुमचें तुम्हांलाच सांपडेल.

पहिली हकीगत आपल्या शेजारच्या गोमंतकाशीं निगडित आहे. ५ डिसेंबर २००४ रोजीं बंगळूर येथील श्री कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस गोव्याचा डेम्पो स्पोर्ट्स क्लब आणि दुसऱ्या बाजूस कलकत्त्याचा नामांकित मोहन बागान. डेम्पोच्या वतीनें क्रिस्तियानो ज्युनियर नांवाचा ब्राझील देशचा पंचवीस वर्षांचा तरुण खेळत होता. आदल्या मोसमांत तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला होता व गोल करण्यांत त्याचा हातखंडा होता. त्या दिवशीं डेम्पोचे दोन्ही गोल त्यानेंच केले. परंतु दुसरा गोल करतांना त्याची व मोहन बागानच्या गोलकीपरची जोराची धडक झाली. क्रिस्तियानो पडला तो पुन्हां उठला नाहीं. त्याला शुद्धीवर आणण्याची पुष्कळ धडपड झाली, रुग्णालयांत नेण्यांत आलें, पण व्यर्थ! डेम्पोनें सामना दोन गोलांनीं जिंकला, कप हातीं आला; पण ज्यानें तो मिळवून दिला तो तो पाहण्यास राहिला नाहीं.

अशा प्रसंगीं मनुष्याचें मन दोन मार्गांनीं जाऊं शकतें. एक मार्ग द्वेषाचा व निराशेचा, दुसरा कर्तव्याचा. डेम्पोनें दुसरा मार्ग धरला. क्रिस्तियानोचा दहा नंबरचा सदरा त्या क्लबानें सन्मानानें बाजूस ठेविला व तो क्रमांक त्याच्या स्मृतीस वाहिला. आणि तो संघ दुःखानें खचून बसला नाहीं. त्याच मोसमाची, म्हणजे २००४-०५ ची, राष्ट्रीय फुटबॉल लीग त्यानें जिंकली. सोबत्याचें स्मरण करण्याची ही रीत मला फार उदात्त वाटते. कारण तींत शब्द थोडे आणि कृति पुष्कळ आहे.

या कथेस आणखी एक बाजू आहे व ती आपण बहुधा विसरतों. ज्या गोलकीपरशीं ती धडक झाली, तो सुब्रत पाल नांवाचा अवघा सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याच्यावर कांहीं काळ खेळण्याची बंदी आली. त्या वयांत केवढें हें ओझें! परंतु तो खेळ सोडून पळाला नाहीं. पुढें तो भारताचा गोलकीपर झाला. २०११ सालीं कतार येथें झालेल्या आशियाई कपाच्या स्पर्धेत बलाढ्य संघांपुढें त्यानें केलेल्या बचावाची सर्वत्र वाखाणणी झाली, व २०१६ सालीं त्यास अर्जुन पुरस्कार मिळाला. यावरून ध्यानांत घ्या कीं, मैदानावर इजा होते तेव्हां बहुधा दोघे जण घायाळ होतात. एकाची जखम शरीरावर दिसते, दुसऱ्याची मनांत लपते. पहिल्याकडे सगळे धांवतात. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवणारा विरळा.

आतां खेळाचे नियम काय म्हणतात तें पाहूं. फुटबॉलच्या नियमांप्रमाणें गड्यास गंभीर इजा झाली आहे असें रेफरीस वाटल्यास त्यानें खेळ ताबडतोब थांबवावा. इजा किरकोळ असेल तर चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालूं द्यावा. ज्याच्यावर मैदानांत उपचार झाले त्यानें सामान्यतः बाहेर जावें व खेळ सुरू झाल्यावर रेफरीच्या अनुज्ञेनें परत यावें. गोलकीपरला मात्र या बाबतींत सवलत आहे. याहून अधिक नियम कांहीं सांगत नाहींत. परंतु खेळाडूंनीं आपसांत एक चाल पाडली आहे. ती अशी कीं, कोणी पडला असतां ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें तो आपण होऊन रेषेबाहेर मारावा, आणि खेळ सुरू होतांना प्रतिपक्षानें तो चेंडू प्रामाणिकपणें परत द्यावा. ही चाल कोणत्याहि नियमांत लिहिलेली नाहीं. ती सर्वस्वीं खेळाडूंच्या सचोटीवर उभी आहे.

ही चाल मोडली तर काय होतें, हें १३ फेब्रुवारी १९९९ रोजीं लंडनमध्यें दिसून आलें. एफ. ए. कपाच्या पांचव्या फेरींत आर्सेनल व शेफील्ड युनायटेड यांचा सामना बरोबरींत चालला होता. शेफील्डचा एक गडी जखमी होऊन पडला, म्हणून शेफील्डच्याच गोलकीपरनें चेंडू बाहेर मारला. उपचार झाल्यावर आर्सेनलच्या रे पार्लरनें चालीप्रमाणें चेंडू शेफील्डकडे परत फेंकला. परंतु नायजेरिया देशचा कानू त्या दिवशीं आर्सेनलकडून प्रथमच खेळत होता. हा चेंडू परत देण्यासाठीं फेंकला आहे हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. तो चेंडू घेऊन धांवला, त्यानें तो ओव्हरमार्सकडे दिला आणि ओव्हरमार्सनें गोल केला. शेफील्डचे खेळाडू संतापले. पण नियमाचा भंग झालाच नव्हता, तेव्हां रेफरी तरी काय करणार? गोल कायम राहिला व आर्सेनलनें दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला.

येथें आर्सेनलचे मार्गदर्शक आर्सेन व्हेंगर यांनीं जें केलें तें सुवर्णाक्षरांनीं लिहून ठेवण्याजोगें आहे. सामना संपतांच त्यांनीं, हा विजय आम्हांस नको, सामना पुन्हां खेळूं, अशी तयारी दाखविली. फुटबॉल असोसिएशननें ती मान्य केली व २३ फेब्रुवारीस तोच सामना पुन्हां झाला. याहि वेळीं आर्सेनलच दोन विरुद्ध एक असा जिंकला. गोलांची संख्या तीच. परंतु पहिला विजय पदरांत टांकलेल्या खोट्या नाण्यासारखा होता आणि दुसरा बंद्या रुपयासारखा. कायद्यानें जें आपलें ठरलें तें मनानें आपलें वाटत नसेल, तर परत करावें. यालाच शील म्हणतात.

आतां आपण आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊं. कारण तुम्हांस ज्या पेचांत मीं टाकिलें, अगदीं त्याच पेचांत एक खेळाडू खरोखर सांपडला होता. १६ डिसेंबर २००० रोजीं लिव्हरपूल शहरीं एव्हर्टन व वेस्ट हॅम यांचा सामना चालू होता. एकेक गोल झालेला, खेळ संपत आलेला. एव्हर्टनचा गोलकीपर पॉल जेरार्ड गुडघ्यास इजा होऊन जमिनीवर पडला. चेंडू हवेंतून वेस्ट हॅमच्या पाओलो दि कानियो याच्याकडे आला. गोल करण्याची संधि समोर होती. त्यानें गोल केला नाहीं. त्यानें तो चेंडू चक्क दोन्ही हातांनीं झेलला आणि पडलेल्या गोलकीपरकडे बोट दाखविलें. प्रतिपक्षाचे प्रेक्षक उठून उभे राहिले व त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. सामना बरोबरींत सुटला. पुढें जागतिक फुटबॉल संघटनेनें २००१ सालचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार त्यास दिला.

परंतु मित्रहो, हाच दि कानियो १९९८ सालीं रागाच्या भरांत एका रेफरीला ढकलून मोकळा झाला होता, व त्याबद्दल त्याला अकरा सामन्यांची बंदी भोगावी लागली होती. तेव्हां सद्गुण हे जन्मतः कोणाच्या मालकीचे नसतात. काल चुकलेला मनुष्य आज सुधारूं शकतो. आणि आज टाळ्या मिळविणारासहि उद्यां सावध राहावेंच लागतें.

आतां जो स्वतः पडला त्यानें कसें वागावें? येथें बर्ट ट्राउटमन या गोलकीपरचें उदाहरण जगभर सांगतात. हा जर्मन शिपाई दुसऱ्या महायुद्धांत पकडला जाऊन इंग्लंडांत कैदी म्हणून आला व तेथेंच राहिला. १९४९ सालीं मँचेस्टर सिटीनें त्यास संघांत घेतलें, तेव्हां हजारों लोकांनीं रस्त्यावर येऊन निषेध केला. युद्धाच्या जखमा ताज्या होत्या. त्या वेळीं मँचेस्टर येथील यहुदी धर्मगुरु अलेक्झांडर आल्टमन यांनीं, एका मनुष्यास त्याच्या साऱ्या राष्ट्राच्या पापांबद्दल शिक्षा करूं नका, अशा आशयाचें आवाहन केलें. ट्राउटमननें आपल्या खेळानें लोकांचीं मनें जिंकलीं. ५ मे १९५६ रोजीं एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत, सुमारें सतरा मिनिटें उरलीं असतां, बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायाशीं झेंप घेतांना त्याच्या मानेस जबर मार बसला. त्या काळीं बदली गडी घेण्याची सोय नव्हती. इंग्लंडच्या लीगमध्यें ती १९६५ पासून आली. तो बाहेर गेला असता तर सोबत्यांना दहा जणांनिशीं खेळावें लागलें असतें. तो तसाच उभा राहिला, त्यानें आणखी गोल अडविले आणि मँचेस्टर सिटीनें तीन विरुद्ध एक असा कप जिंकला. कांहीं दिवसांनीं क्ष-किरणांनीं तपासणी झाली, तेव्हां मानेचें हाड मोडल्याचें उघडकीस आलें.

या धैर्यास कोण नमन करणार नाहीं? तथापि येथें मला तुम्हांस स्पष्ट इशारा दिला पाहिजे. ट्राउटमनचें कौतुक करा, पण त्याचें अनुकरण करूं नका. आपली मान मोडली आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. तो वांचला हें त्याचें सुदैव. आजचें वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणें सांगतें कीं, डोक्यास मार लागून गरगरूं लागलें, ओकारी आली, डोकें दुखूं लागलें, गोंधळल्यासारखें झालें किंवा सामन्याचा गुण काय झाला हें आठवेनासें झालें, तर त्या गड्यानें त्या दिवशीं पुन्हां मैदानांत पाऊल टाकूं नये व वैद्यास दाखवावें. डोक्याच्या अशा दुखापतीसाठीं जादा बदली गडी देण्याची तरतूदहि आतां खेळाच्या नियमांत झाली आहे. "मला कांहीं झालें नाहीं" असें म्हणून लंगडत खेळणें हें नेहमींच शौर्य नव्हे. पुष्कळदां तो हट्ट असतो. सोबत्यावर विश्वास ठेवून शांतपणें बाहेर बसणें आणि तेथून त्यास उत्तेजन देणें, यालाहि धैर्य लागतें. कदाचित् अधिकच लागतें.

पडलेल्याच्या सोबत्यांनीं व प्रेक्षकांनीं कसें वागावें, याचा धडा १२ जून २०२१ रोजीं डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरीं मिळाला. युरोपच्या अजिंक्यपदाच्या स्पर्धेत डेन्मार्क व फिनलंड यांचा सामना होता. पूर्वार्ध संपण्यापूर्वींच डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन कोणाचा धक्का न लागतां एकाएकीं कोसळला. त्याचें हृदय बंद पडलें होतें. कर्णधार सिमोन क्येर धांवला. वैद्यांनीं छातीवर दाब देण्यास प्रारंभ केला, विजेच्या यंत्राचा उपयोग केला. तोंवर सोबत्यांनीं त्याच्याभोंवतीं कडें केलें, तें बाहेर तोंड करून. कारण आपल्या मित्राची ती अवस्था जगानें टक लावून पाहूं नये. कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें, पण कडें मोडलें नाहीं. प्रेक्षकांत फिनलंडचे लोक "क्रिस्तियन" म्हणून हांक देत आणि डेन्मार्कचे लोक "एरिक्सन" म्हणून ती पूर्ण करीत. तो शुद्धीवर आल्याचें कळल्यावर त्याच सायंकाळीं सामना पुढें झाला. फिनलंडच्या पोह्यानपालोनें सामन्यांतील एकमेव गोल केला. मोठ्या स्पर्धेंतील आपल्या देशाचा तो पहिलाच गोल. परंतु त्यानें आनंदोत्सव केला नाहीं.

डेन्मार्क तो सामना हरला. पण एरिक्सन वांचला. २०२२ च्या फेब्रुवारींत तो पुन्हां मैदानावर उतरला आणि १६ जून २०२४ रोजीं त्याच युरोपीय स्पर्धेत त्यानें आपल्या देशासाठीं गोल केला. तत्काळ मदत व शांत डोकें यांची किंमत यावरून कळते.

आपल्या महाराष्ट्राच्या खेळाडूंनींहि अशा वेळीं माणुसकी राखली आहे. १९६२ च्या मार्च महिन्यांत भारताचा क्रिकेट संघ वेस्ट इंडीजमध्यें असतां बार्बाडोस येथें चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून आपले कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांची कवटी फुटली. जीव वांचविण्यास रक्ताची गरज पडली. तेव्हां रक्त देण्यास प्रथम पुढें आले ते प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल. आणि त्यांच्याबरोबर आपले पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे व नाशिकचे बापू नाडकर्णी. मैदानावर जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, त्यांचें रक्त एकाच मनुष्याच्या देहांत गेलें. काँट्रॅक्टर वांचले, व त्यांनीं ग्रिफिथला कधीं दोष दिला नाहीं. वॉरेल यांच्या स्मरणार्थ बंगालची क्रिकेट संघटना दरवर्षीं ३ फेब्रुवारीस रक्तदानाचा कार्यक्रम करीत आली आहे.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. मैदानावर गडी पडला तर प्रथम हात वर करून रेफरीचें लक्ष वेधा. त्याच्याभोंवतीं गर्दी करूं नका. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल तर त्यास उचलूं नका, बसवूं नका, पाणीहि पाजूं नका. वैद्य येईपर्यंत आहे तसाच स्थिर ठेवा. पाय मुरगळला असेल तर विश्रांति, थंड पाण्याची घडी आणि पाय उंच ठेवणें हे सोपे उपाय आहेत. दुखरा पाय ओढून किंवा चोळून 'बसविण्याची' घाई करूं नका. कोणी बेशुद्ध होऊन त्याचा श्वास चालेनासा झाला, तर एकानें लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व दुसऱ्यानें छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनीं जोरानें व जलद दाब देत राहावें. मिनिटास १०० ते १२० वेळां, आणि मोठ्या माणसाची छाती सुमारें पांच सेंटिमीटर दबेल इतका. हें शिक्षण प्रत्येक शाळेंतील मोठ्या मुलामुलींनीं जाणत्या माणसाकडून प्रत्यक्ष घ्यावें. केवळ वाचून हात तयार होत नाहीं.

ज्याच्याकडून इजा झाली त्यानें दुसऱ्या दिवशीं त्या मुलाच्या घरीं जावें व त्याची विचारपूस करावी. जातांना पाय जड होतील. पण परत येतांना मन हलकें होईल. आणि जखमी मुलाच्या आईवडिलांनीं दारीं आलेल्या त्या पोरास रागें न भरतां आंत बोलवावें. खेळांतील अपघात आणि जाणून केलेला आघात यांत अंतर आहे. दुसऱ्याचा न्याय रेफरीनें व वडील माणसांनीं करावा, पहिल्यास क्षमाच योग्य.

सुज्ञ पालकांस एवढीच विनंति कीं, इजेच्या भीतीनें मुलांस मैदानापासून तोडूं नये, आणि विजयाच्या लोभानें दुखऱ्या मुलास मैदानांत ढकलूंहि नये. सायंकाळीं मुलगा घरीं आल्यावर "जिंकलास कीं नाहीं?" हा प्रश्न आपण सारेच विचारतों. त्याच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारीत जावा: "आज कोणी पडलें होतें का? आणि तूं काय केलेंस?" हा प्रश्न ज्या घरीं नित्य विचारला जातो, त्या घरचा मुलगा मोकळ्या गोलापुढें उभा असतां सभोंवारच्या आरडाओरड्यानें गोंधळून जाणार नाहीं. चेंडू हातीं धरून तो पडलेल्या गड्याकडे वळेल. त्या दिवशीं त्याच्या नांवावर गोल लिहिला जाणार नाहीं खरा. पण तो ज्याच्यासाठीं थांबला, तो त्यास जन्मभर विसरणार नाहीं.